रोजगार देताय ना, मग तारीख पण द्या

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आणि बाराही महिने भरतीचे फॉर्म. बेरोजगारीवर टीव्हीवर कोण काय बोलतं ते मी फारसं बघत नाही, कारण ती रोज सकाळी साडेदहाला माझ्या काउंटरसमोर येऊन उभी राहते, हातात फाईल, फाईलमध्ये दहावीपासूनचे मार्कमेमो, आणि मोबाईलमध्ये फोटो-सही, जी नेहमी ५० केबीच्या वर असते आणि मला कापून लहान करावी लागते.

२०२३ ला तलाठी भरती निघाली तेव्हाचं मला अजून आठवतं. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागासवर्गीयांना ९००. दहा लाखाला नऊशेनं गुणा, नव्वद कोटी होतात, आणि हे पैसे कुणाच्या खिशातले तर ज्यांना नोकरी नाही त्यांच्याच. सर्व्हर रात्री चालायचा म्हणून मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवायचो. एका पोराचे वडील सोयाबीनच्या पट्टीतून राहिलेले हजार रुपये घेऊन आले होते, शंभराच्या नोटा, रुमालात गुंडाळलेल्या, आणि चलन निघेपर्यंत ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच. पुढच्या वर्षी पोलीस भरती, १७ हजार ४७१ जागा आणि अर्ज १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेला शंभर पोरं.

मी काही कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. माझ्याकडं सगळ्याच पक्षांची पत्रकं झेरॉक्सला येतात, मी सगळ्यांची काढतो आणि वाचतो पण. गेल्या दोनतीन वर्षांत सगळ्यांच्या पत्रकावर रोजगार हा शब्द मोठ्या अक्षरात आलाय, ते चांगलंच झालं, निदान विषय तरी निघाला. पण पत्रकात जे लिहिलेलं असतं आणि माझ्या काउंटरवर जे घडतं त्याच्यामध्ये एक गोष्ट कायम गायब असते, आणि मला त्याच गोष्टीबद्दल बोलायचंय.

भाजप आणि महायुतीच्या धोरणापासून सुरू करतो कारण सत्ता त्यांच्याकडं आहे आणि योजना पण त्यांच्याच जास्त आल्या. जून २०२४ च्या राज्याच्या बजेटमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, लोक तिला लाडका भाऊ म्हणतात. वय १८ ते ३५, बारावी पास असेल तर महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ८ हजार, पदवी असेल तर १० हजार, सहा महिने एखाद्या ऑफिसात किंवा कंपनीत काम शिकायचं आणि विद्यावेतन सरकार देणार. वर्षाला दहा लाख तरुणांना देऊ असं सांगितलं होतं. मी स्वतः ढिगानं फॉर्म भरलेत या योजनेचे आणि मनापासून भरलेत. ज्या घरात कधी कुणाच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला पैसे पडले नाहीत त्या घरातल्या मुलीच्या खात्यावर दहा हजार पडणं ही छोटी गोष्ट नाही. माझ्या दुकानात एका मुलीनं पहिल्या विद्यावेतनातून आईसाठी चष्म्याचा नंबर काढून आणला होता, डोळ्याच्या डॉक्टरची ती चिठ्ठी माझ्याकडंच झेरॉक्सला आली होती. त्यामुळं योजना फालतू आहे, रेवडी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण तीच मुलगी पुढं काय करत होती ते बघा. बीएस्सी झालेली, शेजारच्या वाडीची, एका शाळेत तिला प्रशिक्षणाला दिलं. शाळेचं नाव घेत नाही. तिथं क्लार्कचं पद कित्येक वर्षांपासून रिकामं. ही सकाळी जायची आणि विद्यार्थ्यांचे आधार अपडेट, यूडायसची म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, टीसी लिहिणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं करायची. इंटरनेट गेलं की माझ्याकडं पळत यायची पेनड्राइव्ह घेऊन. म्हणजे क्लार्कचं पूर्ण काम. कुणी तिला काय शिकवलं? तिनंच मुख्याध्यापकांना एक्सेल शिकवलं. मधे तीन महिने विद्यावेतन आलंच नाही, हजेरी वर पाठवली का नाही यावरच शाळा आणि वरचं ऑफिस एकमेकांकडं बोट दाखवत राहिले आणि ही माझ्या दुकानात येऊन रोज बॅलन्स बघायची. नंतर मुदत वाढवली, सहाचे अकरा महिने झाले, आणि अकरा महिने झाल्यावर एक प्रमाणपत्र हातात आलं आणि काम संपलं. क्लार्कचं पद तसंच रिकामं. ती प्रमाणपत्र लॅमिनेशनला घेऊन आली आणि मला विचारलं, काका, हे अनुभव म्हणून धरतात का हो कुठं? मला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर देणारा कुणी मला शोधून पण सापडला नाही.

योजनेच्या नियमातच आहे की हे प्रशिक्षण आहे म्हणून किमान वेतन लागू नाही, पीएफ लागू नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू नाही. ठीक, शिकणाऱ्याला कामगार म्हणायचं नाही हे मी समजू शकतो. पण मग खरंच शिकवा ना. जिथं पद मंजूर आहे, काम आहे, खुर्ची आहे, टेबल आहे, तिथं पद न भरता प्रशिक्षणार्थी बसवायचा आणि अकरा महिन्यांनी उठवायचा, याला रोजगार निर्मिती म्हणता येत नाही. राज्यात मंजूर पदं सात लाखांच्या वर आहेत आणि त्यातली दोन लाखांच्या वर रिकामी आहेत. लाखाच्या वर पोरंपोरी या योजनेत येऊन गेल्या आणि मग त्यांनी आझाद मैदानात, नागपूरला अधिवेशनात आंदोलनं केली की आम्हाला कायम करा. सरकारनं म्हटलं ही नोकरी नव्हतीच. कागदावर सरकारचं बरोबर आहे, पण ज्या मुलीनं अकरा महिने शाळेचं ऑफिस चालवलं तिला तुम्ही हे कुठल्या तोंडानं सांगणार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या आधी भाजपचं संकल्पपत्र आलं, त्यात २५ लाख रोजगार, दहा लाख विद्यार्थ्यांना महिन्याला दहा हजार विद्यावेतन, आणि कौशल्य जनगणना. समोर महाविकास आघाडीनं बेरोजगारांना महिन्याला चार हजारांपर्यंत मदत देऊ म्हटलं आणि रिकामी पदं भरू म्हटलं. दोन्ही कागद मी वाचले. जानेवारी २०२५ ला दावोसला १५ लाख कोटींच्या वरचे गुंतवणुकीचे करार झाले, त्याच्यात पण लाखालाखानं रोजगाराचे आकडे. मी एक साधी गोष्ट विचारतो. यातलं मागायचं कुठं? म्हणजे उद्या माझ्याकडं एक पोरगा आला आणि म्हणाला की काका त्या २५ लाखांतला एक मला पाहिजे, तर मी कुठला फॉर्म भरू, कुणाच्या नावानं, आणि किती दिवसांत उत्तर यायला पाहिजे? असा फॉर्मच नाही. आकडा आहे पण त्या आकड्यावर कुणाचा हक्क नाही. लाडक्या भावाचा फॉर्म होता, पण तोही भरला म्हणजे जागा मिळेलच असं नव्हतं, आणि कधी मिळेल ते तर कुणालाच माहीत नव्हतं.

आणि हे आपल्याला जमत नाही असं नाही, महाराष्ट्रानं हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात बारातेरा वर्षांची होती, आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायची. खडी फोडायची, घमेलं वाहायचं, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची म्हणजे लाल ज्वारीची भाकरी. ती अजून हाताचा पंजा उघडून दाखवते, अंगठ्याच्या खालच्या बाजूला हातोडीचा घट्टा पडलेला आहे तो गेलाच नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात विसापूरला असा प्रयोग करून बघितला होता की मागेल त्याला काम देता येतं का. वसंतराव नाईक मुख्यमंत्री, काँग्रेसचं सरकार. त्यातून रोजगार हमी योजना म्हणजे रोहयो उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि त्या कायद्यात जे होतं ते आजच्या कुठल्याच पत्रकात नाही, की माणसानं काम मागितलं तर १५ दिवसांत काम द्यायचं आणि नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा.

१५ दिवस. बस्स, एवढंच वाक्य. पण या वाक्यानं गरीब माणसाला तहसीलच्या दारात उभं राहायची ताकद दिली. पैसा कुठून आणला तर व्यवसाय कर लावला, १९७५ ला. आजही पगारदार माणसाच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये पी टॅक्स म्हणून कापलेले दिसतात, कित्येक जण माझ्याकडं फॉर्म १६ काढताना विचारतात की हा कसला टॅक्स. तो कर शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायला सुरुवात केली होती. घोषणा, कायदा, पैसा आणि मुदत हे चारही एका जागी आणणं, याला मी धोरण म्हणतो.

रोहयोत भ्रष्टाचार झाला नाही असं मी कशाला म्हणू, खोटी मस्टरं, मेलेल्या माणसांच्या नावावर हजेऱ्या, मजुरी महिनोन् महिने लटकणं, हे सगळं आमच्या गावानं बघितलंय. पण तरीसुद्धा नमुना ४ म्हणजे काम मागायचा अर्ज भरून ग्रामपंचायतीत दिला आणि पोच घेतली की तारीख सुरू व्हायची. पोच हातात असली की भांडता येतं. पुढं २००५ ला केंद्रात मनरेगा आली तीही याच पायावर, १०० दिवस, आणि पाच किलोमीटरच्या बाहेर काम दिलं तर दहा टक्के मजुरी जास्त. २०२५ च्या डिसेंबरात केंद्रानं मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला, दिवस १०० चे १२५ केले पण खर्चात राज्याचा वाटा ४० टक्के केला आणि कुठल्या राज्याला किती पैसे ते केंद्र आधी ठरवणार. माझी भीती अशी की पैसा आधी ठरला की मागणी त्या पैशात बसवली जाते, मग मागेल त्याला काम हे वाक्य कागदावरच राहतं. दिवस वाढले याचा आनंद मला पण आहे, पण मजुरानं मागायचं आणि सरकारनं द्यायचं ही जी बांधिलकी होती ती पातळ होऊ नये.

आता कुणी म्हणेल की भाजपला असा कायदा करता येत नाही का, त्यांना मुदतीचं वावडं आहे का. अजिबात नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. २०१५ ला फडणवीस सरकारनं महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा केला. माझं दुकान त्या कायद्यावर चालतं म्हटलं तरी चालेल. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, प्रत्येक दाखल्याला दिवस ठरलेले, नाही मिळाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. हा कायदा यायच्या आधी लोक तलाठ्याच्या मागं मोटारसायकल घेऊन फिरायचे, मी बघितलंय, मी पण फिरलोय. आता सगळं झकास झालंय असं नाही पण फरक पडला, कारण स्क्रीनवर अर्जाची तारीख दिसते आणि वरच्या साहेबाला पण ती दिसते. मग दाखल्याला जी मुदत लावता आली ती नोकरीच्या जाहिरातीला का लावता येत नाही? उत्पन्न नाही याचा दाखला १५ दिवसांत मिळतो आणि उत्पन्न मिळायची वाट मात्र पाच पाच वर्षं बघायची.

सरकारी पद कधी रिकामं होणार हे सरकारला आधीच माहीत असतं. कर्मचारी ज्या दिवशी रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख लिहितात, ५८ पूर्ण झाले की निवृत्त. म्हणजे २०२९ च्या मे महिन्यात आमच्या तहसीलमधले किती जण घरी जाणार हे आज सांगता येतं. मग त्या जागेची जाहिरात त्याच्या आधी सहा महिने का निघत नाही? शेतकरी पाऊस पडल्यावर बियाणं शोधायला निघत नाही, मृगाच्या आधी घरात आणून ठेवतो. इथं तर पाऊस कधी पडणार हे तारखेसकट माहीत आहे.

त्यामुळं माझं म्हणणं आहे की कायदा करा. प्रत्येक जिल्ह्याला दर वर्षी १ मे ला रिकाम्या आणि रिकाम्या होणाऱ्या पदांची यादी लागली पाहिजे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पण. जाहिरात निघाल्यापासून नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस ते कायद्यात लिहा, मी म्हणतो १८०, तुम्ही २०० लिहा, पण लिहा. परीक्षा पुढं ढकलली, रद्द झाली, पेपर फुटला तर फी व्याजासकट परत, मुलाला अर्ज करायला लागू नये. आणि जे पद भरायचंच नाही ते सरळ रद्द करा आणि विधानसभेत सांगा की आम्ही एवढी पदं रद्द केली. पगार आणि पेन्शनचा बोजा खूप आहे हे मला समजतं, घरात चार माणसांचं भागवताना मला पण कळतं खर्च कसा वाढतो. पण न भरता, न रद्द करता पद लटकत ठेवलं की त्याच्या आशेवर एक पोरगा वयाची २२ पासून ३२ पर्यंतची वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर काढतो. त्या दहा वर्षांचा बोजा कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, तो त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर दिसतो, बँकेचा बोजा म्हणून. तो सातबारा माझ्याच दुकानात प्रिंट होतो.

इथं एक खरा मुद्दा आहे जो टाळून चालणार नाही. १७ हजार जागांना १७ लाख अर्ज, म्हणजे सगळी पदं उद्या भरली तरी शंभरातली नव्व्याण्णव पोरं बाहेरच राहणार. सरकारी नोकरी सगळ्यांना पुरणार नाही, नोकऱ्या बाहेर तयार व्हायला पाहिजेत, हे भाजपचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते पोरांना रोज सांगतो. केंद्रानं त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक पीएम इंटर्नशिप, जुलै २०२४ च्या बजेटमध्ये, पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या ५०० कंपन्यांत वर्षभर इंटर्नशिप, महिन्याला ५००० आणि सुरुवातीला एकदाच ६०००. (काँग्रेसच्या एप्रिल २०२४ च्या जाहीरनाम्यात, म्हणजे न्याय पत्रात, पहिली नोकरी पक्की म्हणून २५ च्या खालच्या पदवीधरांना वर्षाला एक लाखाची अप्रेंटिसशिप होती, कल्पना बरीचशी तीच, आणि चांगली कल्पना समोरच्याकडून घेतली तर त्यात वाईट काही नाही.) पण पहिल्या फेरीत ८२ हजारांच्या आसपास ऑफर गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांच्या आत. दिल्लीतल्या लोकांना याचं आश्चर्य वाटलं असेल, मला नाही वाटलं. आमच्या इथून पुणे म्हणजे ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र. तिथं कॉटचं भाडं, डबा, बसचा पास, महिन्याला पाच हजारात कसं बसवायचं? माझ्याकडं एका पोराला ऑफर आली, बापानं कागदावर हिशोब मांडला, माझ्याच काउंटरवर, माझ्याच पेनानं, आणि वर्षाला घरातून किती घालावे लागतील तो आकडा काढून कागद घडी करून खिशात घातला. पोरगं गेलं नाही. मजुराला पाच किलोमीटरच्या पलीकडं काम दिलं तर दहा टक्के जास्त द्यायचं हे ज्या देशानं कायद्यात लिहिलं त्याच देशात चारशे किलोमीटरवर जाणाऱ्या पदवीधराच्या राहण्याचा विचार कुणी केला नाही.

दुसरी गोष्ट १ ऑगस्ट २०२५ पासूनची, पीएम विकसित भारत रोजगार योजना, ९९ हजार ४४६ कोटी, दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्या असं उद्दिष्ट. पहिल्यांदा पीएफ खातं निघालेल्या मुलाला दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत, आणि मालकाला नवीन माणसामागं महिन्याला ३ हजारांपर्यंत. ही योजना मला लाडक्या भावापेक्षा पुष्कळ चांगली वाटते आणि ते मी मोकळेपणानं सांगतो, कारण यात पैसा तेव्हाच सुटतो जेव्हा खरोखर माणूस कामावर राहतो, सहा महिने टिकतो, आणि पीएफला नोंद होते. अडचण एवढीच आहे की पीएफ सक्तीनं लागतो २० माणसं असलेल्या ठिकाणी. आमच्या तालुक्यात फिरून बघा, जिनिंग आहेत त्या हंगामापुरत्या, डाळमिल आहे, पेट्रोलपंप, कापड दुकानं, खाजगी दवाखाने, मोबाईल दुरुस्ती, सगळीकडं पाचसात माणसं, पगार हातात, नोंद कुठंच नाही. माझ्याच दुकानात दोन मुलं आहेत, मी त्यांना वेळेवर पैसे देतो पण पीएफ नाही. म्हणजे जिथं आमची पोरं खरोखर कामाला लागतात तिथपर्यंत हा पैसा पोचतच नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटाचा मोठा प्रकल्प येतोय, ते ऐकून पोरं खूश होतात आणि मी पण होतो, पण आमच्यापासून ते दीडदोनशे किलोमीटर, आणि तिथं लागणार वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, बीए इतिहास नाही.

म्हणून प्रशिक्षणाचं धोरण उलटं फिरवायला पाहिजे असं मला वाटतं. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, ३० किंवा त्याच्या वर माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, कायदा तयार आहे, तपासणारं कुणी नाही. लाडक्या भावाचा पैसा सरकारी टेबलांवरून काढा आणि इकडं लावा. तरुणानं अर्ज केला की ठरलेल्या दिवसांत त्याच्या शिक्षणाला धरून अप्रेंटिसची जागा द्या, तालुक्यात नसेल तर बाहेर द्या पण राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा द्या, आणि नाही देता आली तर भत्ता. पाच माणसांच्या गॅरेजवाल्यानं, फॅब्रिकेशनवाल्यानं एक पोरगा शिकवला तर त्या मालकाला पैसे द्या, आणि परीक्षा मात्र आयटीआयनं घ्यायची आणि प्रमाणपत्र असं द्यायचं की पुण्याच्या कंपनीच्या गेटवर चाललं पाहिजे. आमच्या इथं बसस्टँडच्या मागं एक मिस्त्री आहे, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक त्याच्यासारखं कुणी खोलत नाही, आजवर दहाबारा पोरं त्याच्या हाताखाली तयार होऊन गेली, एकाकडं पण कागद नाही. त्या मिस्त्रीला कुठल्याच योजनेत जागा नाही आणि माझ्या मते आमच्या तालुक्यात खरं कौशल्य केंद्र तेच आहे.

काँग्रेसवाले हे वाचून खूश होत असतील तर त्यांना पण दोन शब्द. हक्क हा शब्द तुम्ही न्याय पत्रात वापरला, रोहयो तुमच्या काळातली, मान्य. पण जिथं तुमचं राज्य आलं तिथं काय केलं? कर्नाटकात युवा निधी, पदवीधराला ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५००, दोन वर्षं. भत्ता वाईट नाही पण तुम्ही हक्क म्हणाला होतात. तेलंगणात ऑगस्ट २०२४ ला विधानसभेत जॉब कॅलेंडर मांडलं, मला फार आवडलं होतं ते, मी इथल्या पोरांना दाखवलं पण होतं, आणि मग तारखा पुढं गेल्याच. नुसतं कॅलेंडर छापून भागत नाही, तारीख चुकली तर कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे, दंड पाहिजे, अपील पाहिजे. आणि इथं महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ ला खाजगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर आला, बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तेव्हा दोन्ही बाजू हे पाप तुमचंच म्हणून एकमेकांवर ढकलत होत्या. त्या महिन्यात माझ्याकडं येणाऱ्या पोरांना एवढंच कळलं की वर जे कुणी आहेत त्यांच्यात कायमची पदं भरायची घाई कुणालाच नाही.

मी एक पानाचा अर्ज टाइप करून ठेवलाय. त्यात रिकाम्या पदांची यादी दर वर्षी १ मे ला, भरतीला ठरलेले दिवस, फी परत, आणि अप्रेंटिसची जागा मागितल्यावर मुदतीत नाहीतर भत्ता, एवढंच आहे. कुठल्याही पक्षाचा माणूस पत्रकं काढायला आला की त्याच्या गठ्ठ्यावर मी एक प्रत ठेवतो आणि सांगतो की हे वर पाठवा आणि पाठवल्याची पोच मला आणून द्या. मागं सह्यांसाठी कोरे कागद लावलेत, नाव, शिक्षण, आणि सध्या काय करता असे तीन रकाने पाडून. पहिली सही त्या शाळेवाल्या मुलीची आहे. शिक्षणाच्या रकान्यात तिनं बीएस्सी लिहिलंय, आणि सध्या काय करताच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून उभी राहिली आणि मग लिहिलं, प्रशिक्षण पूर्ण.